भिंत आधी खरवडा, मग पूर्वज काढा: बडोद्यात गल्लीचं चित्र रंगवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

बडोद्यात दोन मराठी माणसं पहिल्यांदा भेटली की आडनावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: “तुमचे इथे कधी आले?” कोणाचे पूर्वज पिलाजीराव गायकवाडांच्या फौजेबरोबर आलेले असतात, कोणाच्या पणजोबांना दरबारात कारकुनी मिळालेली असते. कोणाचे वडील कोयलीची रिफायनरी 1965 मध्ये सुरू झाली त्या सुमारास नोकरीला लागलेले, तर कोणी मागच्याच जूनमध्ये नाशिकहून बदलीवर आलेलं. या प्रश्नाचं उत्तर गल्लीतल्या एखाद्या भिंतीवर रंगवावं असं ज्यांच्या मनात आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. चित्रकला शिकलेली असायची गरज नाही. मीही शिकलेलो नाही, हात बरा आहे इतकंच. पण भिंती, ओल, सोसायटीचे सेक्रेटरी आणि शेजारच्या आजी यांच्याशी गाठ पडून जे कळलं ते सांगतो.

आधी दोन जागा पाहून या

ब्रश विकत घेण्याआधी रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जा. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा लाकडी मराठी वाडा. आता तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, म्हणून वेळ आधी विचारून जा. आत भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत: कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग, इंग्रज-मराठ्यांची लढाई, आणि त्यांच्याच शेजारी गोऱ्या मडमा. महाराष्ट्रातून आलेल्या घरात, गुजरातच्या गावात, कृष्णाच्या बाजूला मडम. स्थलांतराचं चित्र म्हणजे काय हे मला कोणत्याही व्याख्येपेक्षा त्या भिंतीने जास्त नीट समजावलं. घरात जे येत गेलं ते भिंतीवर येत गेलं.

तिथे विषयाइतकीच मांडणी पाहा. दारं, खिडक्या, कोनाडे, तुळया यांच्यामध्ये उरलेली जागा चौकटींत बांधून घेतलेली आहे, भोवती नक्षीचे पट्टे आहेत. तुमच्या भिंतीवर कोनाडे नसतील, पण मीटरचा डबा असेल, पावसाळी पाण्याचा पाइप असेल, कुणाच्या तरी एसीची नळी असेल. त्यांना लपवायला जाऊ नका, चौकटीत घ्या.

दुसरी जागा कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याचं हे स्मारक तिसऱ्या सयाजीरावांनी बांधवून घेतलं आणि त्याच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या वर्षांत चार मोठी चित्रं काढली: गंगावतरण, मीरेचं जीवन, नटीची पूजा आणि महाभारतातलं युद्ध. इथे मान वर करून, चार पावलं मागे सरकून बघावं लागतं. वाड्यातलं चित्र बसल्या जागी वाचता येतं, हे लांबून वाचायचं. तुमची भिंत कोणत्या जातीची आहे, हे आधीच ठरवा. चार फुटांच्या पोळीत (जुन्या शहरातली अरुंद गल्ली म्हणजे पोळ) लांबून बघायला जागाच नसते, तिथे लहान लहान प्रसंग शोभतात. रस्त्याकडेच्या कंपाउंडवर स्कूटरवरून जाणारा माणूस तीन सेकंदं बघणार, तिथे एकच मोठी आकृती हवी.

जाता जाता एक गोष्ट. बडोद्याच्या भिंती आणि कॅनव्हास रंगवणारे बरेचसे बाहेरचेच. नंदलाल बंगालमधून आले. 1950 मध्ये सयाजीराव विद्यापीठात ललितकलेची फॅकल्टी सुरू झाली तेव्हा चित्रकला शिकवायला आलेले ना. श्री. बेंद्रे इंदूरचे. पुढे तिथेच शिकवणारे आणि भित्तिचित्रं करणारे के. जी. सुब्रमण्यन केरळचे, शांतिनिकेतनात शिकलेले. खुद्द सयाजीराव 1875 मध्ये दत्तक आले ते नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून, वयाच्या बाराव्या वर्षी. तेव्हा “आपण बाहेरचे, आपण कशाला भिंती रंगवायच्या” असं मनात येत असेल तर ते काढून टाका.

वस्तू गोळा करा, वंशावळ नको

नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. मराठी ओळख म्हटलं की फेटा, नऊवारी, गड, तुतारी. हे चित्र मुंबईत, पुण्यात, इंदुरात, कुठेही चालेल. त्यात बडोदं कुठे आहे?

आमच्या पोळीतल्या भिंतीसाठी मी असंच एक रेखाटन करून नेलं होतं. शेजारच्या आजींनी ओट्यावर बसून चष्मा पुसला, कागद लांब धरला आणि म्हणाल्या, “ही बाई कॅलेंडरवरची आहे. हिने कधी पाणी भरलेलं दिसत नाही.” मग मी विचारलं, काय काढू? त्या म्हणाल्या, “आमची ट्रंक काढ. पत्र्याची, हिरवी. डावी कडी तुटलेली होती म्हणून सुतळीने बांधून आणली होती. सासूबाईंनी त्यात पाटा टाकून आणला. वरवंटा मात्र विसरल्या. मग इथे मंगळबजारातून वरवंटा घेतला, तो काही त्या पाट्यावर कधी नीट बसला नाही.” दगड तिकडचा आणि वरवंटा इकडचा. मी रेखाटन घडी घालून खिशात टाकलं.

म्हणून विचारताना “तुम्ही मूळचे कुठले” असं विचारू नका. त्यावर गाव, कुलदैवत आणि गोत्र मिळतं आणि तिथेच गप्पा संपतात. असे प्रश्न विचारा: येताना सामानात काय होतं? कोणती वस्तू मागे राहिली? इथे आल्यावर पहिली कोणती भाजी नवी वाटली? गुजरातीतला पहिला शब्द कोणता शिकलात, आणि तो कोणी शिकवला? आठ-दहा घरं झाली की चित्र आपोआप दिसायला लागतं. फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर आधी सांगा, आणि घरातला जुना फोटो मिळाला तर तिथेच मोबाइलवर टिपून मूळ प्रत त्याच खुर्चीवर परत द्या. फोटो नेतो आणि उद्या आणून देतो, हे कधीही करू नका.

खाण्याच्या वस्तू विसरू नका. बडोद्याची सेव-उसळ घ्या. उसळ आपली, वर सेव यांची, बाजूला पाव, वर लाल तर्री आणि कांद्याची पात. या गावात मराठी आणि गुजराती यांच्यात काय झालं याचं इतकं सरळ चित्र दुसरं सापडणार नाही, आणि ते वाटीभर जागेत मावतं.

गुजराती शेजाऱ्यांनाही याच फेरीत विचारा. भिंत बहुतेक वेळा त्यांचीही असते. आमच्याकडे समोरच्या काकांनी सांगितलं की लहानपणी गणपतीत दहा दिवस ते मराठी घरात आरतीला उभे राहायचे आणि शब्द न कळता सगळी आरती म्हणायचे. ते चित्रात आलं. नुसतं “आम्ही मराठी” असं भिंतीवर ओरडून सांगितलं तर शेजारी हसून “सरस छे” म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे स्कूटर लावतात.

परवानगी: तोंडी ‘हो’वर विसंबू नका

खाजगी भिंत असेल तर मालकाची लेखी संमती, सोसायटीची असेल तर कमिटीचा ठराव आणि चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्या. अर्जाला रंगीत रेखाटन जोडा, भिंतीचं माप लिहा, चित्र किती वर्षं राहणार आणि पुढे भिंत पुन्हा पांढरी करायची झाली तर खर्च कोणाचा, हेही लिहा. हा शेवटचा मुद्दा लिहिलेला असला की अर्धे विरोधक गप्प बसतात. सार्वजनिक भिंतीसाठी महानगर सेवासदनाच्या, म्हणजे महापालिकेच्या, वॉर्ड ऑफिसात अर्ज, सोबत भिंतीचा आत्ताचा फोटो. विजेच्या डीपीवर किंवा मीटरच्या पेटीवर ब्रश टेकवू नका, त्यावरच्या सूचना झाकल्या जातात आणि करंटचीही भीती.

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूवर तर नाहीच नाही. अशा वास्तूभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित असतात. जुन्या शहरात तुमची भिंत त्या टापूत येत असेल तर आधी विचारून घ्या, भले तुम्ही नुसता रंगच लावणार असाल.

देव आणि पुढारी काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंतीजवळ कोणी घाण करू नये म्हणून खाली देवांच्या टाइल्स लावण्याची पद्धत आहे. मला ती देवांवर अन्याय वाटते. पुढाऱ्याचा चेहरा जमला नाही तर एक भांडण आणि जमला तर दुसरं.

भिंत तपासणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. माझी पहिली भिंत एका सोसायटीच्या कंपाउंडची होती. पावसाळा संपल्या संपल्या, नवरात्राच्या आधी, आम्ही हौसेने रंगवली. चौथ्या महिन्यात खालच्या दोन फुटांत पांढरी बुरशी आल्यासारखं दिसायला लागलं. बुरशी नव्हती, लोणा होता: विटांमधलं मीठ ओलीबरोबर बाहेर येतं आणि रंगाला आतून ढकलतं. होळीपर्यंत पोपडे हातात यायला लागले. रंग चांगला होता, भिंत नव्हती.

तेव्हापासून तीन परीक्षा करतो.

ओला तळवा भिंतीवर घासा. हाताला पांढरं पीठ लागलं तर खाली चुना किंवा साधं डिस्टेंपर आहे. त्यावर काहीही लावलं तरी ते त्या पिठासकट गळणार. सगळं खरवडावंच लागेल.

दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक दिवस-रात्र ठेवा. काढताना भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर आत ओल आहे. पाइप गळतोय का, मागच्या बाजूला कुणाची मोरी आहे का, ते शोधा. दुरुस्तीनंतर थांबा आणि पुन्हा प्लॅस्टिक लावून बघा.

जुना ऑइलपेंट किंवा इमल्शन असेल तर ब्लेडने बारीक चौकड्या ओढा, वर चिकटपट्टी दाबून एकदम ओढा. रंग पट्टीबरोबर आला तर खरवडा. नाही आला तर पॉलिश पेपरने घासून चमक घालवा, तेवढं पुरतं.

नवीन प्लॅस्टर असेल तर त्याचं क्युरिंग (पाणी मारून पक्कं करणं) होऊन 28 दिवस जाऊ द्या. ओलं सिमेंट रंगाला जाळतं.

नदीजवळच्या वस्त्यांत आणखी एक गोष्ट. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्याची रेघ अजून काही भिंतींवर ओळखू येते. अशा भिंतीवर चित्र त्या रेघेच्या वरून सुरू करा आणि खाली साधा गडद पट्टा ठेवा, जो दरवर्षी पुन्हा मारता येईल. पाण्याची रेघच चित्रात घेतली तरी वाईट नाही. नदीतली मगर काढायचा मोह होतो. काढा, मुलांना आवडते. पण एकच.

भिंत तयार करणं

क्रम असा: खरवडणे, तारेच्या ब्रशने घासणे, लोणा असेल तर कोरडाच झाडून काढणे (पाण्याने धुतलात तर तो परत आत जाऊन बसतो), भेगा भरणे, बाहेरच्या भिंतीची सिमेंटवाली पुट्टी, घासणे, धूळ पुसणे, एक हात प्रायमर, मग बाहेरच्या इमल्शनचे दोन हात पांढरे किंवा फिक्या मातकट रंगाचे. दोन हातांमध्ये चार तास तरी जाऊ द्या. हे काम रंगाऱ्याला रोजावर द्यायला लाजू नका. एक चांगला रंगारी दोन दिवसांत जे करतो ते तुमच्या दहा स्वयंसेवकांना आठवडाभरात जमणार नाही.

कागदावरून भिंतीवर

समजा भिंतीची जागा 16 फूट बाय 8 फूट आहे. रेखाटन 24 इंच बाय 12 इंच कागदावर करा आणि त्यावर दीड-दीड इंचाच्या चौकड्या आखा. भिंतीवर एकेक फुटाच्या चौकड्या आखल्या की दोन्हीकडे 16 गुणिले 8, म्हणजे 128 चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत जे कागदावर आहे तेच भिंतीवर. ज्याला चित्र काढता येत नाही असं वाटतं, त्यालाही एक चौकट काढता येते.

रेघा ओढायला पट्टी घेऊन बसू नका. दोरीला कोरडी गेरू पावडर चोळा, दोघांनी दोन टोकं ताणून धरा, तिसऱ्याने मध्ये ओढून सोडा. टप्पकन सरळ रेघ उमटते. उभ्या रेघेसाठी ओळंबा सोडा, कारण जुन्या पोळीतल्या भिंती सरळ असतात हा गैरसमज आहे. आखणी खडूने किंवा फिक्या पातळ रंगाने करा. पेन्सिल वापरलीत तर ती फिक्या रंगातून वर दिसत राहते.

आखून झाल्यावर रस्त्याच्या पलीकडे जाऊन फोटो काढा आणि तो मोबाइलवर लहान करून बघा. जे लहान फोटोत कळत नाही, ते चित्रातही कळणार नाही.

रंग

बाहेरचं ऍक्रिलिक इमल्शन पांढरं घ्या आणि स्टेनरच्या (दाट रंगद्रव्याच्या) नळ्यांनी रंग बनवा. स्टेनर लिटरला 30-40 मिलीच्या वर नको, नाहीतर रंग नीट वाळत नाही आणि पावसात ओघळतो. गडद रंग हवा असेल तर दुकानातून मशीनवर बनवून आणा. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर दोन हात मिळून साधारण 50 चौरस फुटांना पुरतो, म्हणजे आपल्या 128 चौरस फुटांच्या पांढऱ्या जमिनीला तीन लिटर धरा. चित्राचे रंग त्याहून खूप कमी लागतात. नवशिके नेहमी दुप्पट आणतात.

पश्चिमेकडच्या भिंतीवर बडोद्याचं ऊन भडक गुलाबी आणि लिंबू-पिवळा दोन उन्हाळ्यांत खाऊन टाकतं. गेरू, पिवडी, काळा, पांढरा हे मातीचे आणि खनिजाचे रंग टिकतात. मला तर मर्यादित रंगांचंच चित्र आवडतं. आजींची ट्रंक मात्र हिरवीच पाहिजे होती, तेव्हा ती ऑक्साइडच्या हिरव्याने केली.

आधी मोठे सपाट भाग, मग मधल्या छटा, शेवटी रेषा. रेषा सगळ्यांनी मारू नयेत. ज्याचा हात स्थिर आहे त्या एकानेच मारावी, मग चित्र एका हाताचं दिसतं. मुलांना खालचा पट्टा आणि मोठे भाग द्या, लहान ब्रश देऊ नका, दोन इंची द्या. आठ फुटांपर्यंत रंगाऱ्याची घोडी आणि त्यावर फळी पुरते. त्यावर जायचं असेल तर परांची बांधणाऱ्यालाच बोलवा.

अक्षरं लिहायची असतील तर मराठी आणि गुजराती दोन्हींत लिहा, आणि रंगवण्याआधी दोन वेगवेगळ्या माणसांना वाचायला द्या. भिंतीवरचा ऱ्हस्व-दीर्घ पाच वर्षं टोचत राहतो.

कधी करावं

दिवाळीनंतर ते होळीच्या आधी. त्यातही 14 आणि 15 जानेवारीला उत्तरायण: गाव गच्चीवर असतं, तुमचा एकही मदतनीस येणार नाही, आणि आलाच तर मान वर. नवरात्रात सकाळी काम ठेवू नका, गरब्याहून आलेली पोरं बारा वाजता उठतात. एप्रिल-मेमध्ये भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच वाळतो. करायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत आटपा. पावसाळ्यात फक्त गोष्टी गोळा करा.

झाल्यावर

उद्घाटनाला फीत नको, सेव-उसळ ठेवा. ज्यांच्या वस्तू चित्रात आहेत त्यांना आधी बोलवा आणि त्यांनाच सांगू द्या कोणती कोणाची. आमच्या आजी आल्या, ट्रंकेसमोर उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, “कडी उजवीकडची तुटली होती.” मी म्हटलं, तुम्ही डावी म्हणाला होतात. त्या म्हणाल्या, “ट्रंकेची डावी. तू माझ्या डावीकडून काढलीस.” दुसऱ्या दिवशी कडी बदलली.

वापरलेल्या प्रत्येक रंगाची छोटी बाटली भरून ठेवा, झाकणावर तारीख आणि चित्रातला भाग लिहा. पावसाळा संपला की दरवर्षी एकदा भिंत कोरड्या मऊ ब्रशने झाडा, पोपडा दिसला तर तो वाढायच्या आत खरवडून, प्रायमर मारून, त्याच बाटलीतला रंग लावा. आमच्या बाटल्या आजींच्या कोनाड्यात आहेत. आणायला जाताना अर्धा तास जास्तीचा धरून जावं लागतं, चहा घेतल्याशिवाय त्या देत नाहीत.